सात अंशांवरचा सूर्य मोजताना

सप्टेंबर 2023 मध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर छपरावर बसवायच्या सौर पॅनेलची चार कोटेशनं पडलेली होती. घर तेच, छप्पर तेच, चौघांनीही 18 पॅनेलच मांडलेली. वर्षाला किती वीज मिळेल, याचे आकडे मात्र चार तऱ्हेचे: 6,200, 6,900, 7,400 आणि 8,100 युनिट. सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त यांत जवळजवळ एक तृतीयांशाचा फरक. 8,100 वाल्या विक्रेत्याला मी विचारलं, तर तो हसून म्हणाला, "थंड हवेत पॅनेल जास्त चालतात."

हे अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. पॅनेलवर जे वॉट छापलेले असतात, ते प्रयोगशाळेतले असतात: दर चौरस मीटरला 1,000 वॉट प्रकाश आणि पॅनेलच्या आतल्या सेलचं तापमान 25 अंश. सेल त्याहून तापले की दर अंशामागे साधारण 0.35 टक्के वीज कमी होते, थंड राहिले की तेवढीच वाढते. पण थंडी असून ऊनच नसेल, तर वाढ कशाची मोजायची?

आम्ही स्वीडनमध्ये उप्सालाला राहतो. जवळजवळ 60 अंश उत्तर. 21 डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून फक्त 6.7 अंश वर येतो आणि दिवस जेमतेम सहा तासांचा असतो. जूनमध्ये तोच सूर्य 53 अंशांपर्यंत चढतो आणि साडेअठरा तासांहून जास्त वेळ मावळत नाही. अशा ठिकाणी सौरऊर्जा परवडते का, हे विचारायला मी आधी नगरपालिकेच्या ऊर्जा सल्लागाराला फोन केला. (ही सोय इथे फुकट असते आणि सल्लागाराला काही विकायचं नसतं. पहिला फोन तिथेच करा.) त्यांनी ठोकताळा दिला: छपराची दिशा चांगली असेल तर दर किलोवॉट पॅनेलमागे वर्षाला 800 ते 1,000 युनिट. आमची 18 पॅनेल 430 वॉटची, म्हणजे 7.74 किलोवॉट. 8,100 युनिट म्हणजे दर किलोवॉटला 1,046. तो विक्रेता त्या दिवशीच बाद झाला.

पण उरलेल्या तिघांतलं खरं कोण? मग मी पीव्हीजीआयएस उघडलं. युरोपीय आयोगाच्या इटलीतल्या इस्प्रा इथल्या संशोधन केंद्राचं हे साधन आहे, कुणालाही फुकट वापरता येतं. जागा, छपराचा उतार, दिशा आणि तूट (यंत्रणेत वाया जाणारी वीज) भरली की महिनावार युनिट मिळतात. मी उतार 27 अंश टाकला, तूट आधीच 14 टक्के भरलेली होती ती तशीच ठेवली, दिशा दक्षिण म्हणून 180 टाकली. उत्तर आलं 4,000 च्या आसपास. दोन दिवस मी घरात सुतकी चेहऱ्याने फिरत होते. तिसऱ्या दिवशी कळलं की या साधनात दक्षिण म्हणजे शून्य, पूर्व म्हणजे उणे 90 आणि पश्चिम म्हणजे 90. होकायंत्राच्या हिशेबाने 180 टाकून मी माझं छप्पर उत्तरेकडे फिरवलं होतं. शून्य टाकल्यावर 6,800 आले.

आता हा आकडासुद्धा उपग्रहाच्या डोळ्यांतून आलेला. विषुववृत्तावर उभे असलेले हवामान उपग्रह इतक्या उत्तरेकडची जमीन फार तिरक्या नजरेने पाहतात, आणि जमिनीवरचं बर्फ व वरचे ढग दोन्ही पांढरेच असल्यामुळे हिवाळ्यात त्यांची गल्लत होऊ शकते. शिवाय समोरच्या बर्च झाडांची उपग्रहाला कल्पना नसते. म्हणून ठरवलं, एक हिवाळा आपणच मोजायचा. नवरा म्हणाला, "चार हजार क्रोनरची वीज वाचवायला दोन हजारांचं यंत्र?" त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं. मी तरीही घेतलं.

सुरुवात अर्थातच फोनवरच्या लक्स (उजेडाचं एकक) मोजणाऱ्या अ‍ॅपने केली. ते चार दिवस पुरलं. फोनचा सेन्सर पडद्याची चमक कमीजास्त करण्यासाठी असतो, त्याला फक्त डोळ्यांना दिसणारा प्रकाश कळतो, आणि फोन हातात जरा वाकडा झाला की आकडा निम्मा होतो. एक गोष्ट मात्र त्यातून शिकले, ती म्हणजे डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही. कडक उन्हात लाखभर लक्स असतात. ढगाळ नोव्हेंबरच्या दुपारी तेच दोन-तीन हजारांवर येतात, आणि आपण "बरा उजेड आहे की आज" म्हणत खिडकीशी बसून वाचतो. डोळा स्वतःला जुळवून घेतो, पॅनेलला ते जमत नाही.

मग शोधाशोध करून एक वापरलेला पायरानोमीटर घेतला, 1,400 क्रोनरला. आकाशाच्या पूर्ण घुमटातून सपाट पृष्ठभागावर किती वॉट पडतात, हे मोजणारं हे यंत्र. त्याचे दोन प्रकार असतात. एकात काचेच्या घुमटाखाली काळा पृष्ठभाग तापतो आणि त्या उष्णतेवरून मोजमाप होतं. हवामान खाती तो वापरतात, आणि तो महाग असतो. दुसऱ्यात सिलिकॉनची चिप असते. ती सुमारे 1,100 नॅनोमीटरपलीकडचा अवरक्त प्रकाश पाहू शकत नाही, म्हणून शास्त्रीय नोंदींसाठी दुय्यम. पण आपली पॅनेलही सिलिकॉनचीच. त्यांना जे दिसत नाही ते सेन्सरलाही दिसलं नाही, तर माझ्या कामाला ते सोयीचंच होतं. सिलिकॉनवाला घेतला. सोबत दर मिनिटाला आकडा लिहून ठेवणारा डेटालॉगर, 600 क्रोनर.

एक अवांतर. सूर्याची उष्णता मोजण्याच्या कामात हे गाव जुनं आहे. भौतिकशास्त्रज्ञ क्नुट अँगस्ट्रॉम यांनी 1890 च्या दशकात उप्सालातच थेट ऊन मोजण्याचं एक यंत्र बनवलं. त्यात धातूच्या दोन काळ्या केलेल्या पट्ट्या असतात. एक उन्हात ठेवायची, दुसरी सावलीत. सावलीतल्या पट्टीतून वीज सोडून ती उन्हातल्या पट्टीइतकीच तापवायची. दोन्हींचं तापमान सारखं झालं, की सोडलेल्या विजेवरून उन्हाची ताकद कळते. मला ही कल्पना इतकी आवडली की आठवडाभर मी ती भेटेल त्याला सांगत होते. त्यांचे चिरंजीव अँडर्स यांनी 1924 मध्ये उन्हाच्या तासांवरून एकूण ऊर्जेचा अंदाज बांधण्याचं सूत्र दिलं, ते अजून वापरात आहे.

8 ऑक्टोबर 2023 ला सेन्सर बागेत लाकडी खांबावर बसवला. पाणसळ, म्हणजे स्पिरिट लेव्हल लावून, बुडबुडा बरोबर मध्ये आणून. पहिल्याच आठवड्यात आलेखात रोज दुपारी बाराच्या पुढे एक खाच दिसायला लागली. दहा मिनिटं आकडा धाडकन खाली, मग पुन्हा वर. वायर सैल असेल म्हणून दोनदा उघडून बसवली. शेवटी एका रविवारी खुर्ची टाकून खांबाशेजारी बसले तेव्हा उलगडा झाला: शेजाऱ्यांच्या झेंड्याच्या काठीची सावली. इथे अनेक घरांपुढे झेंड्याचा खांब असतो, आणि ऑक्टोबरच्या खालच्या सूर्यात त्याची सावली थेट आमच्या बागेत येऊन पोचत होती. खांब तीन मीटर सरकवला. सेन्सरची जागा उन्हाळ्यात ठरवू नका. सूर्य खाली आलेला असताना बघा, कशाकशाची सावली कुठवर येते ते.

माझ्या सेन्सरवर भरवसा किती ठेवायचा, हे तपासायला स्वीडिश हवामान खात्याची, एसएमएचआयची, मोफत माहिती कामी आली. त्यांची स्टॉकहोमसकट अनेक केंद्रांवर सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेची मोजमापं चालतात. शिवाय स्ट्रोंग नावाचं एक गणिती प्रारूप आहे, त्यात आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश दिले की तासातासाचे आकडे मिळतात. ऑक्टोबरभर माझे आणि त्यांचे आकडे चारपाच टक्क्यांच्या आत जुळत होते. मी खूश. नोव्हेंबरअखेर फरक वाढला. डिसेंबरात निरभ्र दिवशी माझा सेन्सर वीस टक्क्यांहून जास्त कमी दाखवायला लागला.

मी काच पुसली. सकाळी गोठलेलं दव त्यावर बसतं, ते रोज मऊ ब्रशने काढायला लागले. फरक तसाच. वापरलेलं घेतलं ते चुकलं, असं वाटून मी विकणाऱ्याला मनात बरंच काही बोलले. मग जानेवारीत, उणे 14 मध्ये, काही सुचेना म्हणून पाणसळ घेऊन गेले. बुडबुडा एका कडेला जाऊन चिकटला होता. इथली जमीन हिवाळ्यात गोठते आणि गोठताना फुगते, तिने माझा खांब खालून ढकलून उत्तरेकडे दीड अंश कलवला होता.

दीड अंश म्हणजे डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पण गणित करून पाहा. 21 डिसेंबरच्या दुपारी सूर्य 6.7 अंशांवर आहे. सपाट पृष्ठभागावर थेट उन्हाचा जो वाटा पडतो, तो या कोनाच्या साइनइतका: 0.117. सेन्सर उत्तरेकडे फक्त एक अंश कलला, तर तो होतो 0.099. थेट ऊन 15 टक्क्यांनी कमी. हीच चूक जूनमध्ये झाली असती तर फरक 1.3 टक्के पडला असता आणि मला कधी कळलंही नसतं. उत्तरेकडे मोजमाप अवघड का, याची मी पुस्तकी कारणं बरीच वाचली होती. खरं कारण मला उणे 14 मध्ये त्या बुडबुड्याने दाखवलं. जमीन गोठलेली असल्यामुळे खांब हलवणं अशक्य होतं. सेन्सरच्या खाली कागदाच्या घड्या सरकवून तो सरळ केला, आणि मेमध्ये तो गॅरेजच्या भिंतीवर ब्रॅकेट ठोकून कायमचा बसवला. दोन महिन्यांचे आकडे फुकट गेले.

तेवढ्यानेही निर्णयापुरतं समजलं होतं. पीव्हीजीआयएसचा अंदाज आमच्या जागेसाठी फार चुकीचा नव्हता आणि 6,900 वालं कोटेशन प्रामाणिक होतं. मार्च 2024 मध्ये कागदपत्रं सुरू केली. क्रम सांगते, कारण यातच बहुतेकजण अडकतात.

आधी बांधकाम परवानगी. 2018 च्या ऑगस्टपासून छपराच्या उताराला समांतर बसवलेल्या पॅनेलना इथे सहसा परवानगी लागत नाही, पण जुन्या, सांस्कृतिक महत्त्वाच्या इमारती आणि संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागांचा परिसर याला अपवाद आहेत. आपण कशात मोडतो हे गृहीत न धरता मी नगरपालिकेला ईमेल केली. नऊ दिवसांनी "गरज नाही" असं लेखी उत्तर आलं. ते जपून ठेवलं. मग विद्युत सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर आपली कंपनी नोंदणीकृत आहे का, ते तपासलं. पाच मिनिटांचं काम आहे.

11 एप्रिलला करार केला. किंमत 1,31,000 क्रोनर, सगळं धरून. त्यावर "ग्रोन टेक्निक" नावाची करसवलत, तेव्हा 20 टक्के होती. ठरावीक रकमेचा संपूर्ण करार असेल तर किमतीच्या 97 टक्के भाग सवलतीला धरतात, म्हणून प्रत्यक्षात 19.4 टक्के, म्हणजे 25,414 क्रोनर. ही रक्कम कंपनी बिलातूनच वजा करते आणि करखात्याकडून परस्पर घेते, आपल्याला अर्ज करावा लागत नाही. पण तेवढा कर आपण त्या वर्षी भरलेला असायला हवा. घर दोघांच्या नावावर असेल तर सवलत दोघांत वाटून घेता येते, त्यासाठी दोघांचे ओळख क्रमांक बिलावर हवेत. आम्हाला भरावे लागले 1,05,586. (1 जुलै 2025 पासून ही सवलत 15 टक्क्यांवर आली आहे, आताचा हिशेब त्याप्रमाणे करा.)

मग वीजवाहिनी कंपनी. तिच्याकडे आधी "फोरआनमेलान", म्हणजे पूर्वसूचना द्यायची. ती आपण देत नाही, नोंदणीकृत इलेक्ट्रिशियन देतो. आमची 18 एप्रिलला गेली, मंजुरी 14 मेला आली. मुख्य फ्यूज 63 अँपिअरपर्यंत, यंत्रणा 43.5 किलोवॉटपर्यंत आणि वर्षभरात विकतो त्याहून जास्त वीज आपण विकत घेत असू, तर ग्रिडला वीज देण्याचं वेगळं शुल्क लागत नाही. मीटर बदलावा लागला तर तोही फुकट. काम पूर्ण झाल्यावर इलेक्ट्रिशियनने "फेर्दिगआनमेलान", म्हणजे काम संपल्याची सूचना पाठवायची. ती पोचल्यावर मीटरचं काम होतं आणि तोवर यंत्रणा सुरू करायची नाही.

पॅनेल बसली 17 ते 19 जून 2024. तीन दिवसांत दोन माणसांनी, फार नीटनेटकं काम. 20 तारखेला बिल आलं, मी त्याच संध्याकाळी भरून टाकलं. 21 जून, शुक्रवार, मिडसमर. वर्षातला जवळजवळ सगळ्यात मोठा दिवस, निळं आकाश, छपरावर 18 काळीभोर नवीकोरी पॅनेल, आणि स्विच बंद.

स्वीडनमध्ये जुलैत देश सुटीवर जातो. आमचा इलेक्ट्रिशियनही गेला, फेर्दिगआनमेलान न पाठवता. वीजवाहिनी कंपनी म्हणायची, आमच्याकडे काही आलेलं नाही. पॅनेल कंपनीचं उत्तरयंत्र म्हणायचं, 5 ऑगस्टनंतर फोन करा. मी अकरा फोन केले. जुलैच्या मध्यावर मला त्या गॅरेजच्या भिंतीवरच्या सेन्सरचा राग यायला लागला होता, कारण तो रोज बिनचूक सांगत होता की आज किती गेलं. बंद ठेवलेल्या आठ आठवड्यांचा माझा हिशेब सुमारे 1,700 युनिटचा आहे. मोजत नसते तर एवढं झोंबलं नसतं.

5 ऑगस्टला सूचना गेली, 13 ला मीटर बदलला, 14 ऑगस्ट 2024 ला सकाळी सव्वानऊला यंत्रणा सुरू झाली. यातून दोन गोष्टी लिहून ठेवते. बिलाचा शेवटचा हप्ता फेर्दिगआनमेलानची प्रत हातात आल्यावर द्यायचा, असं करारातच लिहून घ्या. आणि जूनमध्ये काम ठेवू नका. मार्चमध्ये बसवून घ्या, किंवा मग सरळ सप्टेंबरात. जास्तीची वीज विकत घेणाऱ्या कंपनीशी करारही या दरम्यानच करून टाका, आणि गृहविम्याच्या कंपनीला एक पत्र. ही दोन कामं एका संध्याकाळीत झाली.

शरद ऋतू बरा गेला. नोव्हेंबर आला आणि इन्व्हर्टरच्या (पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी बदलून देणाऱ्या यंत्राच्या) अ‍ॅपवर दिवसाला 2 युनिट, 1 युनिट, एकदा 0.3. आईचा फोन यायचा, "आज किती झाली गं वीज?" मी विषय बदलायचे. जानेवारीच्या सुरुवातीला बर्फ पडलं आणि पॅनेल 16 दिवस पूर्ण झाकलेली राहिली. लांब दांड्याचा ब्रश घेऊन मी शिडीकडे निघाले, तर शेजारचे निवृत्त गृहस्थ, तेच झेंड्याच्या काठीवाले, कुंपणापलीकडून म्हणाले, आधी हिशेब कर. घरात येऊन केला. त्या 16 दिवसांत पडलेल्या सगळ्या प्रकाशाची वीज झाली असती तरी 40 युनिटच्या पुढे गेली नसती. एवढ्यासाठी बर्फाळ छपराशी शिडी लावायची, वर काचेला ओरखडे काढायचे. ब्रश परत ठेवला. फेब्रुवारीत ऊन जरा वर आलं की काळ्या कडेपासून बर्फ आपोआप सुटतं आणि धप्पदिशी खाली येतं. दाराच्या वर मात्र बर्फ अडवणारा गज लावून घ्या, ते कुणाच्या डोक्यावर पडलं तर जबाबदारी घरमालकाची.

फेब्रुवारी 2025 मध्ये मी पहिल्यांदा खरा हिशेब मांडला. पॅनेल नीट चालतात का, हे नुसत्या युनिटवरून कळत नाही. ऊन कमी होतं की यंत्रणा कमी पडली, हे वेगळं काढावं लागतं. त्यासाठी परफॉर्मन्स रेशो काढतात: दर चौरस मीटरवर दिवसभरात जेवढे युनिट प्रकाश पडला, त्याला पॅनेलच्या किलोवॉटने गुणायचं आणि प्रत्यक्ष मिळालेल्या विजेला त्याने भागायचं. 0.80 ते 0.90 म्हणजे तब्येत उत्तम. एका निरभ्र दिवशी माझ्या सेन्सरने 1.6 दाखवले. 7.74 ने गुणून 12.4. वीज मिळाली होती 21.8 युनिट. रेशो 1.76.

म्हणजे माझी पॅनेल पडलेल्या प्रकाशातून अपेक्षेच्या पावणेदोनपट वीज काढत होती. मी अर्धा तास हवेत होते, एका व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकलंसुद्धा. तिथल्या एका बाईंनी एकच प्रश्न विचारला: "सेन्सर आडवा आहे का?"

आडवा होता. पॅनेल 27 अंश कललेली. डिसेंबरातला सात अंशांवरचा सूर्य आडव्या सेन्सरला अगदी घासून जातो, पण कललेल्या पॅनेलवर तो 34 अंशांनी पडतो. तोच सूर्य, तेच थेट ऊन, पण पॅनेलवर त्याचा वाटा पावणेपाच पट. जूनमध्ये हा फरक जेमतेम सव्वापट राहतो. म्हणजे आडव्या सेन्सरवरून काढलेला रेशो ऋतूप्रमाणे बदलत जाणार आणि त्यातून पॅनेलबद्दल काहीच कळणार नाही. हवामान खात्याचे आकडे आडव्या पृष्ठभागाचे असतात, ते तसेच उचलून भागाकार करणारे पुष्कळ लोक मला नंतर भेटले, त्यामुळे माझी लाज जरा कमी झाली.

मार्चमध्ये दुसरा सेन्सर घेतला. छपरावर चढायचं नव्हतं, म्हणून लाकडाची 27 अंशांची पाचर कापून, ती दक्षिणेला तोंड करून पहिल्याच्या शेजारी बसवली. एप्रिलमधल्या एका निरभ्र दिवसाचे आकडे वहीत आहेत: आडवा सेन्सर 5.6, कललेला 7.0, वीज 45.5 युनिट. आडव्यावरून रेशो 1.05, कललेल्यावरून 0.84. दुसरा आकडा खरा.

बर्फावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचंही त्याच महिन्यात कळलं. ताजं बर्फ 80 टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतं, त्यामुळे मार्चमध्ये पॅनेलना जोरदार फायदा होतो, असं विक्रेते सांगतात. उभ्या भिंतीवरच्या पॅनेलना होतो, कारण त्यांच्या समोरचं अर्धं दृश्य जमिनीचंच असतं. 27 अंशांच्या पॅनेलच्या वाट्याला जमीन येते फक्त साडेपाच टक्के. माझ्या आलेखात तो फायदा शोधूनही सापडला नाही.

एप्रिलच्याच शेवटी आणखी एक धास्ती. लख्ख आणि थंड दुपारी अ‍ॅपवरची रेघ 6.0 किलोवॉटला जाऊन सपाट व्हायची, डोंगराचा माथा सुरीने कापावा तशी, आणि तेव्हाच कललेला सेन्सर मात्र वर चढत असायचा. मी लगेच कंपनीला खरमरीत ईमेल लिहायला घेतली, सुदैवाने पाठवण्याआधी कागदपत्रं उघडली. इन्व्हर्टर 6 किलोवॉटचाच आहे. पॅनेल 7.74 ची असली तरी इतका प्रकाश वर्षात मोजकेच तास मिळतो, म्हणून मुद्दामच लहान इन्व्हर्टर बसवतात. तो सकाळ-संध्याकाळच्या कमी उजेडात चांगल्या कार्यक्षमतेने चालतो. वर्षभराचं कापलं गेलेलं डोंगराचं टोक मी मोजलं, साधारण 1 टक्का निघालं. ईमेल खोडली. थंडीत पॅनेल जास्त चालतात, हे त्या 8,100 वाल्याचं वाक्य अशा दुपारी अगदी खरं असतं, फक्त तेव्हा इन्व्हर्टर त्यांना थांबवतो.

14 ऑगस्ट 2025 ला वर्ष पूर्ण झालं. एकूण 6,640 युनिट, दर किलोवॉटला 858. त्यातले एकट्या मे महिन्याचे 1,070. नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी हे तिन्ही मिळून 190, म्हणजे 3 टक्केसुद्धा नाहीत. हिवाळ्यात घर तापवायची वीज पॅनेल देतील, अशी कुणाची समजूत असेल तर हा आकडा छापून फ्रिजवर लावावा.

पैशांचं म्हणाल तर उन्हाळ्यातल्या वीजदराने आम्हाला जरा जमिनीवर आणलं. उप्साला ज्या एसई3 नावाच्या वीजदर विभागात येतं, तिथे जोराचा वारा आणि लख्ख ऊन एकत्र आलं की दुपारचे दर कधीकधी शून्याखाली जातात. 2025 अखेरपर्यंत विकलेल्या प्रत्येक युनिटला करातून 60 ओरे (100 ओरे म्हणजे 1 क्रोनर) परत मिळत होते, ते 1 जानेवारी 2026 पासून बंद झाले. म्हणून सध्या आमच्याकडे भांडी घासायचं यंत्र, कपड्यांचं यंत्र आणि गाडीचं चार्जिंग दुपारी बाराच्या पुढे चालतं. दोन हजार क्रोनरचं यंत्र कशाला म्हणणारा नवरा आता कललेल्या सेन्सरचा आकडा बघून मग कपडे टाकतो.

आडवा सेन्सर गेल्या आठवड्यात शेजारच्या गृहस्थांना दिला. त्यांनाही तीन कोटेशनं आली आहेत, तीन आकड्यांची. पाणसळ सोबत दिली आहे, आणि झेंड्याच्या काठीपासून लांब बसवा म्हणून सांगितलं आहे.